संहती, वेग आणि नदी : बीओडी मापनाचा इतिहास (विशेष संदर्भ : नागपूर)

गोषवारा

अभिक्रियाकारकाच्या संहतीवर अभिक्रियेचा वेग अवलंबून असतो, हा रासायनिक गतिकीचा मूलभूत नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील प्रयोगशाळांमध्ये आकारास आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत हाच नियम सांडपाणी आणि नद्यांच्या अभ्यासास लागू करण्यात आला व त्यातून जैवरासायनिक प्राणवायू मागणीचे, म्हणजेच बीओडीचे, मापन रूढ झाले. प्रस्तुत लेखात या मापनाचा युरोप-अमेरिकेतून भारतापर्यंतचा प्रवास तपासला असून, १९५८ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचे कार्य आणि नाग नदीची स्थिती यांचा विशेष विचार करण्यात आला आहे. नियमाचे स्वरूप सार्वत्रिक असले तरी त्याच्यासोबत आलेले कालावधी, तापमान आणि मर्यादांचे आकडे विशिष्ट प्रदेशाचे होते. त्यांतील काही बदलले, काही तसेच राहिले, आणि त्यामुळे एकच आकडा वेगवेगळ्या काळात वेगवेगळा अर्थ सांगू लागला, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : रासायनिक गतिकी, संहती, प्रथम कोटी अभिक्रिया, बीओडी, सांडपाणी, स्थिरीकरण तळी, नागपूर

१. प्रस्तावना

पदवीच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मेथिल ॲसिटेटचे आम्लाच्या सान्निध्यात होणारे जलीय अपघटन हा प्रयोग अनेक पिढ्यांनी केला आहे. ठराविक मिनिटांनी नमुना काढावयाचा, त्याचे अनुमापन करावयाचे, आलेख काढावयाचा आणि वेग-स्थिरांक नोंदवावयाचा, हा त्याचा क्रम. शिल्लक राहिलेल्या एस्टरची संहती जसजशी घटते तसतसा अभिक्रियेचा वेगही घटतो, हा त्यातील निष्कर्ष. बहुतेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा विषय परीक्षेबरोबर संपतो.

वस्तुतः याच नियमाच्या आधारे देशातील नद्यांची प्रतवारी ठरते, कारखान्यांना सांडपाणी सोडण्याची परवानगी मिळते वा नाकारली जाते आणि शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांचे आकारमान निश्चित होते. या सर्व व्यवहारांच्या केंद्रस्थानी असलेले बीओडी हे मापन म्हणजे प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे ठराविक वेळी थांबवलेले निरीक्षण होय. ते कोणत्या वेळी थांबवावयाचे आणि कोणत्या तापमानास करावयाचे, हे मात्र रसायनशास्त्राने ठरविलेले नाही. ते इतिहासाने ठरविले आहे. या इतिहासात नागपूरला एक निश्चित स्थान आहे.

२. नियमाची जडणघडण

अभिक्रियेच्या वेगाचे पहिले परिमाणात्मक विवेचन १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी केले. आम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये रूपांतर होते. या वेळी द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशाच्या प्रतलाचे परिवलन बदलत जाते. त्यामुळे द्रावणास हात न लावता अभिक्रिया कोठवर आली हे पाहता येते. विल्हेल्मी यांना आढळले की, कोणत्याही क्षणी साखरेच्या रूपांतराचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. या शोधाची दखल तत्काळ घेतली गेली नाही. पुढे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्याकडे लक्ष वेधले, तेव्हा कुठे त्याचे महत्त्व मान्य झाले.

१८६४ मध्ये नॉर्वेतील काटो गुल्डबर्ग आणि पेटर व्हागे यांनी वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला. तो प्रथम नॉर्वेजियन भाषेत प्रसिद्ध झाल्यामुळे युरोपातील अन्य रसायनशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचण्यास विलंब लागला. १८६७ मध्ये फ्रेंच आणि १८७९ मध्ये जर्मन भाषेतील मांडणीनंतर तो सर्वज्ञात झाला. याच सुमारास ऑक्सफर्ड येथे व्हर्नन हारकोर्ट आणि विल्यम एसन हे संहती व वेग यांच्या संबंधाचे प्रायोगिक आणि गणिती विश्लेषण करीत होते. १८८४ मध्ये याकोबस व्हांट हॉफ यांच्या ग्रंथाने या विखुरलेल्या निष्कर्षांना एका शास्त्राचे रूप दिले. १९०१ चे रसायनशास्त्रातील पहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ यांनाच मिळाले.

प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा एक विशेष येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. ठराविक वेळेत अभिक्रियाकारकाचा किती अंश वापरला जाईल, हे त्याच्या आरंभीच्या संहतीवर अवलंबून नसते. द्रावण तीव्र असो वा विरल, पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा संपत असेल तर दोन्हींत पाचवाच हिस्सा संपतो. वेग मात्र संहतीनुसार कमी-अधिक असतो. सांडपाण्याच्या मापनात हा गुणधर्म निर्णायक ठरला.

३. प्रयोगशाळेतून नदीकडे

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विश्वासार्ह अनुमापन पद्धती १८८८ मध्ये हंगेरीतील लायोश विंकलर यांनी दिली. या पद्धतीमुळे बंद बाटलीत ठेवलेल्या पाण्यातील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना किती प्राणवायू वापरतात, हे मोजता येऊ लागले. परंतु शहराच्या मैलापाण्याची मागणी दर लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते, तर २० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात दर लिटरला जेमतेम ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणून नमुना अनेक पट पाणी घालून विरल करावा लागतो. विरल केल्याने निष्कर्ष बिघडत नाही, याचे कारण वर सांगितलेला प्रथम कोटीचा गुणधर्म हेच होय. वापरल्या गेलेल्या द्रव्याचा अंश बदलत नसल्याने मोजलेला आकडा विरलनाच्या पटीने गुणला की मूळ नमुन्याची मागणी मिळते.

सूक्ष्मजीवांच्या क्रियेस साध्या रासायनिक अभिक्रियेचा नियम लागू का व्हावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे उत्तर पुढील काळात मिळाले. विकरांच्या क्रियेविषयी मिखाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये, तर सूक्ष्मजीवांच्या वाढीविषयी झाक मोनो यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या सूत्रांनुसार अन्नद्रव्याची संहती कमी असेल तेव्हाच वेग तिच्या प्रमाणात वाढतो. संहती फार वाढल्यास वेग एका मर्यादेशी येऊन थांबतो. नदीचे पाणी आणि विरल केलेले मैलापाणी पहिल्या प्रकारात बसते. आसवनीच्या मळीसारख्या अतितीव्र द्रवास मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेत अर्ल फेल्प्स यांनी सांडपाण्यातील प्राणवायूच्या वापरास प्रथम कोटीचे सूत्र लागू केले. १९२५ मध्ये हॅरोल्ड स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून प्रसिद्ध समीकरण मांडले. त्यात दोन वेगांची स्पर्धा आहे. सेंद्रिय द्रव्य प्राणवायू वापरते, त्याचा वेग शिल्लक द्रव्याच्या प्रमाणात असतो. दुसरीकडे हवेतून नदीत प्राणवायू येत राहतो, त्याचा वेग पाण्यातील प्राणवायूच्या तुटीच्या प्रमाणात असतो. आरंभी पहिला वेग वरचढ असतो आणि नदीतील प्राणवायू घटत जातो. पुढे द्रव्य कमी व तूट मोठी झाल्याने दुसरा वेग वरचढ ठरतो आणि नदी सावरते. १९२७ मध्ये एमरी थेरिऑल्ट यांनी या प्रक्रियेवरील तापमानाच्या परिणामाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. दर अंश सेल्सिअसला वेग-स्थिरांक सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढतो, हा पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला गुणक त्या काळातला आहे.

४. पाच दिवसांचा उगम

ब्रिटनमध्ये १८९८ ते १९१५ या काळात सांडपाण्याच्या विल्हेवाटीविषयी शाही आयोगाने काम केले. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात बाटली ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८.३ अंश सेल्सिअस तापमानास पाच दिवस ठेवण्याची चाचणी आणि तिच्यावर आधारित मर्यादा सुचविण्यात आली. पुढे अमेरिकेतील प्रमाणित पद्धतींत तापमान २० अंश करण्यात आले व पाच दिवस, २० अंश ही जोडी जगभर पसरली. पाच दिवसच का, याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, ब्रिटनमधील नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचण्यास साधारणतः याहून अधिक काळ घेत नाही. म्हणजे हा कालावधी ब्रिटिश बेटांच्या भूगोलातून आलेला होता.

या पाच दिवसांत नेमके काय मोजले जाते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मैलापाण्याची एकूण प्राणवायू मागणी दर लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि २० अंशांना वेग-स्थिरांक, नैसर्गिक लॉगॅरिदमच्या आधारे, दर दिवशी ०.२३ आहे असे मानू. पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ वापरलेले हे मूल्य होय. पहिल्या दिवशी सुमारे ६२, दुसऱ्या दिवशी ४९, तिसऱ्या दिवशी ३९, चौथ्या दिवशी ३१ आणि पाचव्या दिवशी २५ मिलिग्रॅम प्राणवायू वापरला जातो. प्रत्येक दिवशीची घट ही शिल्लक संहती घटल्याचा परिणाम आहे. पाच दिवसांची बेरीज सुमारे २०५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण मागणीच्या ६८ टक्के होते. उरलेली ३२ टक्के मागणी अहवालात दिसत नाही. ती पाण्यात मात्र असतेच.

आयोगाची मर्यादाही अशीच स्थानसापेक्ष होती. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा पाच दिवसांचा बीओडी दर लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे अहवालाने सुचविले. त्यामागील हिशेब सरळ होता. ज्या नदीत हे पाणी सोडावयाचे तिच्यात त्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असावे आणि त्या स्वच्छ पाण्याचा बीओडी २ असावा. आठ भाग पाण्याचे १६ आणि एका भाग सांडपाण्याचे २०, असे एकूण ३६. नऊ भागांत वाटल्यास ४. नदीचा बीओडी ४ च्या वर जाऊ नये, हे खरे उद्दिष्ट. २० हा आकडा केवळ त्याचा उपसिद्धान्त होता. म्हणजे मर्यादेचा आधार सांडपाण्याची संहती नव्हे, तर विरलनानंतरची नदीची संहती हा होता.

५. भारतीय परिस्थितीची जाणीव

युरोपातील आकडे उष्ण प्रदेशांत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ही जाणीव भारतात लवकरच झालेली दिसते. मुंबईतील अभियंता सी. कार्कीट जेम्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पौर्वात्य शहरांच्या मैलापाण्याच्या प्रश्नांवर स्वतंत्र ग्रंथलेखन केले. माटुंगा येथील कुष्ठधामात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैलापाण्याच्या टाकीतून निघणाऱ्या वायूचा वापर करण्यात आला होता. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे सक्रिय गाळ पद्धती विकसित झाली. तिच्या जडणघडणीशी निकटचा संबंध असलेले गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. अशा रीतीने सांडपाण्याचे रसायन हा विषय भारतीय संशोधनाच्या कक्षेत आला.

नागपुरात विज्ञानशिक्षणाचा पाया याच काळात घातला गेला. १९०६ मध्ये स्थापन झालेले व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था यांमुळे रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचे शिक्षण शहरात उपलब्ध झाले. या पार्श्वभूमीवर १९५८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपूर येथे स्थापन केली. पाणीपुरवठा आणि मैलापाण्याची विल्हेवाट हे तिच्या आरंभीच्या कार्याचे मुख्य विषय होते. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, असे करण्यात आले. त्याच वर्षी संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला. महाराष्ट्राने मात्र त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला होता.

६. स्थिरीकरण तळी : स्थिरांकांचे स्थानिकीकरण

नागपूरच्या संस्थेचे या संदर्भातील सर्वांत लक्षणीय कार्य मैलापाण्याच्या स्थिरीकरण तळ्यांविषयीचे आहे. ऑक्सिडेशन पाँड या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या उथळ तळ्यांत शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू निर्माण करते आणि सूक्ष्मजीव त्याचा वापर करून सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात. यंत्रे व वीज यांची फारशी गरज नसल्याने भारतासारख्या देशास ही पद्धती विशेष सोयीची होती. संस्थेचे संचालक राहिलेले सोली आर्सीवाला आणि त्यांचे सहकारी लक्ष्मीनारायण, अळगरसामी व शास्त्री यांनी १९७० मध्ये भारतातील अशा तळ्यांची रचना, बांधणी व व्यवस्थापन यांवरील ग्रंथ नागपूर येथून प्रसिद्ध केला.

या कार्यातून पुढे आलेला एक नियम अत्यंत साधा आहे. तळ्याच्या दर हेक्टरावर रोज किती किलोग्रॅम बीओडीचा भार घालता येईल, हे अक्षांशावरून ठरविता येते. ३७५ मधून अक्षांशाची ६.२५ पट वजा करावयाची. ८ अंश उत्तर अक्षांशाला हा भार ३२५ किलोग्रॅम, तर ३६ अंशाला १५० किलोग्रॅम येतो. नागपूर सुमारे २१ अंशावर असल्याने येथे तो जवळपास २४४ किलोग्रॅम भरतो. दरडोई रोजचा बीओडी ४५ ग्रॅम धरल्यास एक हेक्टर तळे सुमारे ५,४०० लोकांचे मैलापाणी सामावू शकते. या सूत्राचे ऐतिहासिक महत्त्व असे की, त्यात ऊन आणि उष्णता यांना प्रथमच भारताच्या नकाशाशी जोडण्यात आले.

तळ्यांच्या रचनेत संहतीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही उभा राहतो. तळ्यातील पाणी पूर्णपणे मिसळत असेल तर आत येणारे तीव्र मैलापाणी तत्क्षणी विरल होते आणि सर्व अभिक्रिया बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या अल्प संहतीलाच घडते. साहजिकच वेग मंद राहतो. याउलट पाणी लांबट मार्गाने क्रमाक्रमाने पुढे सरकत असेल तर आरंभी संहती अधिक, म्हणून वेगही अधिक असतो. वेग-स्थिरांक व मुक्कामाचा काळ यांचा गुणाकार २.३ असेल तर क्रमाने वाहणाऱ्या तळ्यातून केवळ १० टक्के द्रव्य शिल्लक राहते. पूर्ण मिसळणाऱ्या एका तळ्यातून ३० टक्के राहते. तेच तळे तीन समान भागांत विभागून पाणी एकामागून एक नेल्यास शिल्लक सुमारे १८ टक्क्यांवर येते. जागा तीच, पाणी तेच. फरक केवळ अभिक्रिया कोणत्या संहतीला घडते याचा. एकाऐवजी मालिकेत तळी बांधण्यामागील तर्क हाच आहे.

या पद्धतीची मर्यादाही त्याच गणितातून दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक होती. वरील हिशेबाने तेवढ्या लोकसंख्येसाठी सुमारे ४४५ हेक्टर जलक्षेत्र लागेल. मोठ्या शहरांना अल्प जागेत, यांत्रिक वायुवीजनाने चालणाऱ्या शुद्धीकरण केंद्रांकडे वळावे लागले, यात नवल नाही.

७. पाच दिवसांचे तीन दिवस

भारतीय मानकांतील महत्त्वाचा बदल १९९० च्या दशकात झाला. भारतीय मानक ३०२५ च्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४ व्या भागात बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करण्याची पद्धती देण्यात आली. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांत १९९६ च्या दुरुस्तीने पाच दिवस, २० अंश याऐवजी तीन दिवस, २७ अंश असे वाचण्याची तरतूद झाली. या बदलाचे व्यावहारिक लाभ उघड आहेत. २७ अंश हे तापमान भारतातील पाण्याच्या नैसर्गिक तापमानाच्या जवळचे आहे. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपुरासारख्या शहरात बाटल्या २० अंशांवर ठेवण्यापेक्षा २७ अंशांवर ठेवणे सुलभ असते. निष्कर्षही दोन दिवस आधी मिळतो.

परंतु दोन्ही चाचण्या समान आहेत का, हा प्रश्न शिल्लक राहतो. दर अंशाला ४.७ टक्के या गुणकाने सात अंशांच्या वाढीमुळे वेग-स्थिरांक सुमारे ३८ टक्क्यांनी वाढून ०.२३ वरून ०.३१७ होतो. त्यानुसार तीन दिवसांत एकूण मागणीचा ६१ टक्के भाग वापरला जातो. जुन्या चाचणीत तो ६८ टक्के होता. पूर्वीच्या उदाहरणातील मैलापाण्याचा बीओडी जुन्या रीतीने २०५, तर नव्या रीतीने सुमारे १८४ भरेल. दोन्ही चाचण्या तंतोतंत जुळण्यासाठी २७ अंशांना सुमारे तीन दिवस पंधरा तास लागतील. द्रव्य मंदगतीने विघटित होणारे असेल, उदाहरणार्थ वेग-स्थिरांक ०.१० असेल, तर तफावत सुमारे १४ टक्के होते, ०.३५ असेल तर सुमारे ७ टक्के. म्हणजे एकाच ठराविक गुणकाने जुन्या आकड्यांचे नव्यात रूपांतर करणे शक्य नाही.

ही तफावत रासायनिकदृष्ट्या लहान असली तरी अभिलेखांच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. अंतर्गत भूपृष्ठीय जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी दर लिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा चाचणी बदलल्यानंतरही ३० च राहिली. वरील हिशेबाने नव्या रीतीचे ३० हे जुन्या रीतीच्या सुमारे ३३ इतके होतात. स्नानयोग्य पाण्याच्या बाबतीत असेच घडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मैदानी स्नानासाठीच्या पाण्याची मर्यादा पाच दिवस, २० अंशांना ३ मिलिग्रॅम अशी दिलेली आहे. २००० च्या अधिसूचनेत स्नानाच्या पाण्यासाठी हीच ३ मिलिग्रॅमची मर्यादा तीन दिवस, २७ अंशांना आहे. आकडा एकच, घड्याळे दोन. १९८० च्या दशकातील नदीचा बीओडी आणि २००० नंतरचा बीओडी शेजारी मांडून नदी सुधारली वा बिघडली असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने प्रथम चाचणीची अट तपासणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

८. नाग नदी : विरलनाविना नदी

शाही आयोगाचे गणित नागपुरास लावून पाहिल्यास त्यातील दुसरे गृहीतकही उघडे पडते. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडे उगम पावून शहरातून पूर्वेस वाहते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेस मिळते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन थांबते. पावसाळा वगळता नाग नदीच्या पात्रात मुख्यतः शहराचे सांडपाणीच वाहते. आठपट स्वच्छ पाणी ही मर्यादेमागील अट येथे वर्षातील बहुतांश काळ पूर्ण होत नाही. विरलन शून्य असेल तर ३० मिलिग्रॅमचे पाणी नदीत ३० मिलिग्रॅमचेच राहते. कायद्याची मर्यादा पाळूनही नदी आयोगाच्या उद्दिष्टाच्या सातपटीहून अधिक दूषित राहू शकते.

पाच दिवसांच्या प्रवासाचे गृहीतकही येथे लागू पडत नाही. नागपूरचे पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. हा प्रवास शेकडो किलोमीटरांचा आहे आणि वाटेत धरणाच्या जलाशयात पाणी दीर्घकाळ साठून राहते. पाच वा तीन दिवसांच्या चाचणीत न दिसलेला तिसरा हिस्सा ब्रिटनमध्ये समुद्रात जात असे. येथे तो जलाशयात आपली मागणी पुरी करतो. त्यात उष्णतेची भर पडते. २० अंशांना दर लिटरला ९.१ मिलिग्रॅम असलेली प्राणवायूची विद्राव्यता ३० अंशांना सुमारे ७.६ पर्यंत घसरते. म्हणजे उन्हाळ्यात मागणीचा वेग वाढतो आणि साठा घटतो. स्ट्रीटर-फेल्प्स समीकरणातील दोन्ही बाजू नदीच्या विरुद्ध जातात.

अलीकडच्या काळात यासंबंधी काही पावले उचलली गेली आहेत. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांतील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी बीओडीची मर्यादा २० मिलिग्रॅम निश्चित केली. नागपुरात भांडेवाडी येथील केंद्रात प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्रास देण्याची व्यवस्था उभी राहिली. या व्यवस्थेचे रासायनिक मर्म असे की, जे पाणी नदीत सोडलेच जात नाही त्याच्या विरलनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, संहती आणि वेग यांचा नियम देशकालनिरपेक्ष आहे. साखरेच्या द्रावणात विल्हेल्मी यांना जे दिसले तेच नाग नदीच्या पाण्यातही घडते. दुसरी, त्या नियमासोबत आलेले पाच दिवस, २० अंश आणि २० वा ३० मिलिग्रॅम हे आकडे निसर्गनियम नव्हेत. ते नद्यांची लांबी, हवामान आणि उपलब्ध स्वच्छ पाणी यांच्या विशिष्ट स्थितीतून आलेले निर्णय होते. तिसरी, भारतात या आकड्यांचे स्थानिकीकरण अंशतः झाले. स्थिरीकरण तळ्यांच्या बाबतीत नागपूरच्या संस्थेने अक्षांशाशी निगडित स्वतंत्र निकष दिला. चाचणीचा काळ व तापमान बदलले. परंतु मर्यादेमागील विरलनाचे गृहीतक बदलले नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना निघते. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा प्रयोग एस्टरपुरता मर्यादित न ठेवता, शहरातील ओढ्याच्या वा नदीच्या पाण्याचा बीओडी सलग पाच दिवस, २० व २७ अंशांना, रोज मोजून वेग-स्थिरांक काढण्याचा प्रकल्प रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या विभागांना संयुक्तपणे राबविता येईल. त्यातून विद्यार्थ्यांना गतिकीचा नियम समजेल, तसेच शासकीय अहवालातील एक आकडा कोणत्या अटींवर उभा असतो हेही उमगेल. त्या अटी न तपासता आकडा स्वीकारणे हे नद्यांच्या बाबतीत महाग पडते, हे या इतिहासाचे सार म्हणता येईल.